रात्रीचे रक्त आणि चाळणी

वैद्यकाचा इतिहास हा मराठीच्या अभ्यासकांनी हाती घेण्याचा विषय नव्हे, असा एक समज आपल्या विद्यापीठीय वर्तुळात रूढ आहे. तो समज आम्हांला फारसा मान्य नाही. वैद्यकातील अनेक शोध हे मुळात वाचनाचे शोध असतात. काय वाचायचे, कशातून वाचायचे आणि वाचले ते खरोखर तेथे होते की वाचणाऱ्याच्या मनात होते, हे प्रश्न प्रयोगशाळेतल्या माणसाला आणि पोथीच्या संपादकाला सारखेच छळतात. रक्तातून कर्करोगाच्या पेशी वेगळ्या काढणे, हा प्रस्तुत लेखाचा विषय. अलीकडे त्यासाठी काचेवर वा सिलिकॉनवर कोरलेल्या केसाएवढ्या बारीक वाहिन्यांची उपकरणे वापरली जातात. 'एका थेंबात कर्करोगाचे निदान' असे मथळे वृत्तपत्रांत अधूनमधून येतात ते त्यांच्याच संबंधात. आम्ही या विषयाकडे वळलो ते मात्र वर्ध्याच्या वाटेने. या जिल्ह्यात रक्त गाळण्याला, आणि रक्त केव्हा घ्यावे या प्रश्नाला, एक जुना इतिहास आहे.

आधी थोडे शब्दांविषयी. इंग्रजीतील एका 'सेपरेशन' या शब्दापुढे मराठीत केवढा पसारा उभा राहतो! धान्य निवडतात, पीठ चाळतात, ताक घुसळतात, पाणी गाळतात, गढूळ पाणी निवळू देतात, खळ्यावर वाऱ्याच्या तोंडी उपणतात, सुपात घालून पाखडतात आणि घोळतात. शिवाय वर्ध्या-हिंगणघाटच्या काळ्या जमिनीत कापूस वेचतात आणि मग तो लोढून सरकी वेगळी करतात. यांतील प्रत्येक क्रियापदामागे निराळे तत्त्व आहे. चाळण्यात आकार पाहिला जातो, पाखडण्यात वजन आणि वारा, निवळण्यात जडपणा, वेचण्यात डोळा आणि बोट. लोढण्यात तर केवढी युक्ती आहे! दोन लाटा एकमेकींना अशा खेटून फिरतात की रुई त्यांच्यामधून पार होते आणि सरकी अलीकडेच अडकते. ही यादी भाषिक हौसेपोटी दिलेली नाही. रक्तातून कर्कपेशी वेगळी काढण्याच्या दीडशे वर्षांच्या खटपटीत माणसाने जे उपाय योजले, ते सारे या यादीत बसतात. नवी उपकरणे समजून घ्यायला मराठी वाचकाला परक्या शब्दांची फारशी गरज पडू नये.

इतिहासाचा आरंभ १८६९ मध्ये, ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे होतो. थॉमस अ‍ॅशवर्थ नावाच्या डॉक्टराने कर्करोगाने दगावलेल्या एका माणसाचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्या माणसाच्या छातीवर आणि पोटावर त्वचेखाली अनेक गाठी होत्या. रक्तात अ‍ॅशवर्थला काही मोठ्या पेशी दिसल्या आणि त्या गाठींतील पेशींसारख्याच होत्या. रक्त घेतले होते पायाच्या शिरेतून, आणि तो पाय निरोगी दिसत होता. अ‍ॅशवर्थचा तर्क साधा पण दूरचा होता. या पेशी गाठीतून निघाल्या असतील, तर इथवर येण्यासाठी त्यांनी रक्ताभिसरणाचा बराचसा फेरा केलेला असला पाहिजे. तसे असेल, तर एकाच शरीरात अनेक ठिकाणी गाठी कशा होतात याचा काही उलगडा यातून होऊ शकेल. एका रुग्णाच्या, तेही मृत्यूनंतरच्या निरीक्षणावरून त्याने यापुढे पाऊल टाकले नाही. हा संयम पुढच्या अनेकांना जमला नाही.

येथे सुश्रुताची आठवण होणे स्वाभाविक आहे. सुश्रुतसंहितेत गाठीला 'अर्बुद' म्हटले आहे आणि आधीच्या अर्बुदापाठोपाठ दुसरे उद्भवल्यास त्याला 'अध्यर्बुद' असे वेगळे नाव आहे. दुसरी गाठ पाहिली गेली होती, तिचे गांभीर्यही ओळखले गेले होते. ती तेथे पोहोचली कोणत्या वाटेने, हे सांगणारा शब्द मात्र त्या परिभाषेत नाही. आज वर्ध्याच्या रुग्णालयांच्या ओसरीवर नातेवाईक डॉक्टरांना जो प्रश्न विचारतात तो या वाटेचाच असतो : "पसरला काय जी?" कर्करोग हा शब्द त्यांच्या तोंडी नसतो, 'कॅन्सर' असतो, आणि क्रियापद मराठी असते. अ‍ॅशवर्थपासून आजच्या चिपपर्यंतचा सारा इतिहास या तीन शब्दांच्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

अ‍ॅशवर्थनंतर तीनच वर्षांनी, १८७२ मध्ये, कलकत्त्यात टिमथी लुईस या डॉक्टराला माणसाच्या रक्तात वेगळाच पाहुणा सापडला. तो होता हत्तीरोगाच्या कृमीचा सूक्ष्म, वळवळणारा अंकुर. पाच वर्षांनी, १८७७ मध्ये, चीनमधील अमॉय बंदरात पॅट्रिक मॅन्सन याने हे अंकुर डासाच्या पोटात वाढताना पाहिले. दिवसा आणि रात्री ठरावीक अंतराने रक्त तपासत गेल्यावर त्याला आणखी एक चमत्कारिक गोष्ट आढळली. हे अंकुर दिवसा वरवरच्या रक्तात जवळजवळ नसतात आणि रात्र पडली की झुंडीने येतात. दिवसा ते फुप्फुसांच्या वाहिन्यांत दडून असतात. रात्री येण्याचे कारणही पुढे स्पष्ट झाले. त्यांना ज्या डासातून पुढे जायचे, तो रात्री चावतो.

दोन्ही शोध अवघ्या काही वर्षांच्या अंतराचे, दोन्ही ब्रिटिश साम्राज्याच्या दूरच्या शहरांत लागलेले आणि दोन्ही रक्तातील परक्याचे. मात्र त्यांची पुढची नशिबे अगदी वेगळी निघाली. अ‍ॅशवर्थच्या पेशी पुढची कित्येक दशके अडगळीत पडल्या. लुईस-मॅन्सनच्या कृमीने एक संपूर्ण वैद्यकशाखा उभी केली. तिची एक फांदी वर्ध्यापर्यंत आली.

वर्धा जिल्हा हा हत्तीरोगाचा जुना प्रदेश. पाय सुजून खांबासारखा झालेला, अंगठ्यापासून गुडघ्यापर्यंत कातडी जाड झालेली माणसे येथील गावांत पिढ्यान्‌पिढ्या दिसत आली. गांधीजी १९३६ मध्ये ज्या शेगावात राहायला आले आणि ज्याचे पुढे सेवाग्राम झाले, त्याच्या पंचक्रोशीतही हा रोग होता. १९६९ मध्ये, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था स्थापन झाली. ग्रामीण भागातील वैद्यकीय महाविद्यालय ही कल्पनाच तेव्हा नवी होती. संस्थेच्या जैवरसायनशास्त्र विभागात डॉ. बी. सी. हरिनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हत्तीरोगाच्या निदानावर दीर्घकाळ काम केले. त्यातून उभे राहिलेले केंद्र जमनालाल बजाज यांच्या नावाने ओळखले जाते.

या रोगाच्या सर्वेक्षणाची रीत मॅन्सनच्या शोधाने ठरवून टाकलेली आहे. रक्त रात्री घ्यायचे, साधारण साडेआठ ते बारा या वेळात. कर्मचाऱ्यांनी गावात जायचे, माणसे झोपायच्या बेतात असताना किंवा झोपेतून उठवून बोटाला सुई टोचायची, काचपट्टीवर वीस घनमिलिमीटर रक्त पसरायचे आणि दुसऱ्या दिवशी रंग देऊन अंकुर मोजायचे. सरकारी कागदपत्रांत याला 'रात्रकालीन रक्तनमुना' असे कोरडे नाव आहे. आम्हांला मात्र यात एक मोठी गोष्ट दिसते. येथे रुग्णालयाने आपले घड्याळ बाजूला ठेवून रोगाचे घड्याळ मान्य केले.

रात्रीच्या या सक्तीतून सुटण्याचेही प्रयत्न झाले आणि सेवाग्रामचे काम त्याच दिशेचे होते. १९८०च्या दशकात हरिनाथ यांच्या गटाने कृमीऐवजी कृमीच्या खुणा शोधण्यावर भर दिला. कृमी शरीरात जी द्रव्ये सोडतो ती, आणि त्यांच्याविरुद्ध शरीर जी प्रतिपिंडे बनवते ती, दिवसाच्या रक्तातही असतात. मग बोटातून काढलेले थोडे रक्त गाळणकागदावर टिपून प्रयोगशाळेत नेले तरी चालते. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे कर्करोगाच्या बाबतीत अगदी असेच घडले. पेशी सापडणे अवघड, म्हणून पेशी मरताना रक्तात विरघळून सुटलेले तिचे डीएनएचे तुकडे शोधण्याकडे संशोधक वळले. आज रक्तावरून कर्करोगाची जी चाचणी प्रत्यक्ष उपचारात अधिक वापरली जाते ती या तुकड्यांचीच आहे. चोर सापडत नसेल तर त्याच्या पावलांचे ठसे घ्यावेत, असा हा न्याय.

आता चाळणीकडे येऊ. या कथेतील सर्वांत रंजक भाग आमच्या मते हाच आहे, आणि तो फारसा सांगितला जात नाही. १९५९ मध्ये एस. एच. सील या अमेरिकी संशोधकाने निवळण्याची युक्ती वापरली. रक्तात नेमक्या जडपणाचे सिलिकॉन तेल मिसळायचे. तांबड्या पेशी जड म्हणून खाली बसतात, कर्कपेशी हलक्या म्हणून वर राहतात. १९६४ मध्ये त्यानेच कर्कपेशी आणि इतर मोठ्या पेशी गाळून घेण्याच्या चाळणीवर निबंध लिहिला आणि त्याच्या शीर्षकातच 'चाळणी' हा शब्द घातला. अडचण होती ती एकसारख्या भोकांची. तांबडी पेशी सात-आठ मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या सात-आठ पट, आणि शिवाय लवचिक. कर्कपेशी बहुधा बारा ते पंचवीस मायक्रॉनची. मधल्या मापाची आणि सर्व भोके सारखी असलेली चाळणी कोणत्या सुताराने वा लोहाराने करावी?

ती केली भौतिकशास्त्रज्ञांनी. जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट फ्लायशर, ब्यूफोर्ड प्राइस आणि रॉबर्ट वॉकर हे अणुविखंडनातून उडालेल्या कणांचे माग अभ्यासत होते. असा कण पातळ प्लॅस्टिकमधून आरपार गेला की त्याच्या वाटेवरचे प्लॅस्टिक दुबळे होते, आणि मग रसायनात बुडवले की नेमकी तीच वाट झिजून गोल, सरळ भोक पडते. जितका वेळ बुडवावे तितके भोक मोठे. १९६४ मध्ये या गाळणीची माहिती प्रसिद्ध झाली आणि रक्तातून कर्कपेशी गाळणे हा तिच्या पहिल्या उपयोगांपैकी एक होता. अणुशक्तीच्या संशोधनातून स्वयंपाकघरातल्या चाळणीची सुधारित आवृत्ती निघावी, हा योगायोग आम्हांला फार आवडतो.

पण त्या काळी कर्करोगाच्या वैद्यकाला या चाळणीचे करायचे काय हे नीटसे उमजले नाही. तिचा उपयोग झाला तो दुसऱ्याच पाहुण्यासाठी. १९७० - ७१च्या सुमारास हत्तीरोगाच्या अभ्यासकांनी एक मिलिलिटर रक्त अशा पातळ पडद्यांतून गाळायला सुरुवात केली. अंकुर लांबीला पावणेतीनशे मायक्रॉनच्या आसपास, जाडीला आठ-दहा. तांबड्या पेशी वाकून, अंग चोरून पलीकडे जातात, अंकुर पडद्यावर राहतो. काचपट्टीवरच्या थेंबात जे विरळ अंकुर निसटत, ते गाळण्यात सापडू लागले. अ‍ॅशवर्थच्या पाहुण्यासाठी केलेली चाळणी अशा रीतीने लुईसच्या पाहुण्याच्या कामी आली.

कर्करोगाच्या बाजूचे अपयश कशामुळे, हे पाहणे उद्बोधक आहे. १९५५ मध्ये डेन्मार्कच्या एंगेल याने अनेक रुग्णांच्या रक्तात कर्कपेशी दिसल्याचे जाहीर केल्यावर जगभर उत्साहाची लाट आली. जो तो आपल्या काचपट्टीवर कर्कपेशी पाहू लागला. दहा वर्षांनी, १९६५ मध्ये, क्रिस्टोफरसन याने या सगळ्याकडे पुन्हा एकदा, थंड डोक्याने पाहिले, तेव्हा कर्कपेशी म्हणून मोजलेल्या पुष्कळ पेशी रक्ताच्याच, पण अनोळखी वा मोठ्या पेशी होत्या असे निष्पन्न झाले. संपादनशास्त्र शिकवणाऱ्याला यात नवल वाटू नये. ज्ञानेश्वरीतील प्रक्षिप्त ओव्या वेगळ्या काढायच्या म्हटल्या की पहिला प्रश्न निकषाचा येतो, आणि निकष सैल असला की संपादकाला न आवडलेली प्रत्येक ओवी प्रक्षिप्त ठरते. निकष फार कडक केला तर चलाख प्रक्षेपकाची ओवी मूळ संहितेत सुखाने नांदत राहते. या दुहेरी संकटातून कर्कपेशी शोधणाऱ्यांचीही अद्याप पूर्ण सुटका झालेली नाही.

ज्या उपकरणांविषयी आज इतके बोलले जाते त्यांची जात समजण्यासाठी एक हिशेब मांडला पाहिजे. एका मिलिलिटर रक्तात सुमारे पाचशे कोटी तांबड्या पेशी, वीस-तीस कोटी बिंबिका आणि चाळीस लाख ते एक कोटीच्या घरात पांढऱ्या पेशी असतात. रोग पसरलेल्या रुग्णाच्या त्याच रक्तात कर्कपेशी बहुधा दहाच्या आत, पुष्कळदा एखादीच. आता 'एका थेंबात निदान' या मथळ्याकडे पुन्हा पाहावे. मिलिलिटरचे थेंब होतात वीस. मिलिलिटरला एकच पेशी असेल तर हाती आलेल्या थेंबात ती असण्याची शक्यता विसांत एक. बाकी एकोणीस थेंब प्रामाणिकपणे 'काही नाही' असे सांगतील आणि तरीही खोटे ठरतील. हत्तीरोगाच्या सर्वेक्षणात वीस घनमिलिमीटर रक्तही बरेच काही सांगून जाते, कारण तेथे रात्री पाहुणे झुंडीने येतात. म्हणूनच कर्कपेशींची उपकरणे थेंबावर चालत नाहीत, नळीभर रक्तावर चालतात.

सूक्ष्मवाहिनीचे वैशिष्ट्य असे की इतक्या बारीक जागेत द्रव उसळत नाही, भोवरे करीत नाही. दोन धारा शेजारून वाहिल्या तरी न मिसळता, संगमानंतरही काही अंतर दोन रंगांनी वाहणाऱ्या नद्यांसारख्या, आपापल्या काठाने जातात. प्रवाह असा शिस्तीत आला की पेशीला हवे तसे वळवता येते. २००४ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधकांनी खांबांच्या रांगांची एक युक्ती प्रसिद्ध केली. प्रत्येक रांग आधीच्या रांगेपेक्षा किंचित सरकवलेली. लहान कण खांबांमधून वाट काढत मूळ धारेतच राहतात, मोठे कण दर खांबाला ठेचकाळत थोडे थोडे एका बाजूला सरकतात. सुपाला तिरका झोल देऊन घोळताना जाड दाणे एका कडेला येतात, ते दृश्य आठवावे.

दुसरी वाट वेचण्याची. २००७ च्या डिसेंबरात बोस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील मेहमेत टोनर आणि डॅनियल हेबर यांच्या गटाने 'नेचर' नियतकालिकात एका चिपची माहिती दिली. सुनीता नागरथ या तिच्या पहिल्या लेखिका. काचपट्टीएवढ्या जागेत ७८,००० सूक्ष्म खांब आणि प्रत्येकावर असा लेप की कर्कपेशीच्या अंगावरचे 'एपकॅम' नावाचे प्रथिन त्याला चिकटावे. आघाड्याच्या रानातून गेल्यावर धोतराला फळे चिकटतात, येथे रान चिकट आणि वाटसरू अडकणारा. रक्त तासाला एक-दोन मिलिलिटर इतक्या सावकाश सोडायचे. फुप्फुस, स्तन, पुरस्थ ग्रंथी, स्वादुपिंड आणि मोठे आतडे यांच्या कर्करोगांतील ११६ नमुन्यांपैकी ११५ मध्ये पेशी सापडल्या. मात्र जी कर्कपेशी आपले एपकॅम टाकून देते, ती या रानातून बिनधोक निघून जाते. पसरण्याच्या वाटेवर असलेल्या पेशी नेमके असेच वेशांतर करतात, असा संशय पूर्वीपासून होता. कडक निकषाचा चलाख प्रक्षेपक तो हाच.

म्हणून २०१३ मध्ये त्याच गटाने उलटा विचार केला. खांबांच्या रांगांनी तांबड्या पेशी आणि बिंबिका बाजूला काढायच्या, उरलेल्यांना एका रांगेत चालवायचे आणि पांढऱ्या पेशींना चुंबकी मणी चिकटवून ओढून घ्यायचे. शेवटी राहील ती कर्कपेशी, कोणत्याही वेशातली. तांदळातले खडे वेचण्याऐवजी सगळा तांदूळच उचलून खडे तेवढे ताटात ठेवण्यासारखा हा प्रकार. घरात कोणी असे करू लागले तर आपण त्याला वेडे म्हणू, पण खड्याचे रूप ठाऊक नसेल तर दुसरा मार्ग राहत नाही.

यंत्रांविषयी इतके पुरे. वैद्यकाच्या इतिहासात सापडणे आणि उपयोगी पडणे यांत मोठे अंतर असते. २००४ मध्ये अमेरिकेत 'सेलसर्च' या चुंबकी पद्धतीच्या चाचणीला मान्यता मिळाली. ती आधारलेली होती पसरलेल्या स्तनकर्करोगाच्या १७७ स्त्रियांच्या अभ्यासावर. साडेसात मिलिलिटर रक्तात पाच किंवा अधिक पेशी असलेल्यांचे मध्यमान आयुष्य दहा महिन्यांच्या आसपास भरले, कमी पेशी असलेल्यांचे अठरा महिन्यांहून अधिक. म्हणजे आकडा भविष्य सांगत होता. मग सरळ प्रश्न आला. आकडा वाईट आला तर औषध लगेच बदलावे काय? २०१४ मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीचे उत्तर प्रसिद्ध झाले. केमोथेरपीच्या पहिल्या फेरीनंतरही पाच वा अधिक पेशी राहिलेल्या १२३ स्त्रियांपैकी काहींचे औषध तत्काळ बदलले, काहींचे तेच ठेवले. जगण्याच्या काळात फरक पडला नाही. भविष्य खरे निघाले, पण ते बदलण्याचे साधन हाती नव्हते.

हत्तीरोगाच्या बाजूला पाहिले की हा भेद डोळ्यांत भरतो. १९४७ पासून डायएथिलकार्बामाझिन हे स्वस्त औषध उपलब्ध आहे, आणि २००४ पासून देशभरच्या हत्तीरोगप्रवण जिल्ह्यांत ते वर्षातून एकदा सर्वांना देण्याची मोहीम सुरू झाली. वर्ध्यातही घरोघर गोळ्या आल्या. तेथे शोधणाऱ्याला पुढे काय करायचे हे माहीत होते. इतके की व्यक्तिशः शोधण्याचीही गरज उरली नाही, सगळ्या गावालाच गोळ्या द्याव्यात असे ठरले. 'पसरला काय जी?' या प्रश्नाला चिप कदाचित उद्या नेमके उत्तर देईल. त्यापाठोपाठ 'मग आता?' हा दुसरा प्रश्न येतो, आणि त्याचे उत्तर चाळणीत नाही.

इंग्रज शल्यवैद्य स्टीफन पॅजेट याने १८८९ मध्येच स्तनकर्करोगाच्या ७३५ मृत्यूंचे दाखले चाळून म्हटले होते की बी सगळीकडे उडते, रुजते मात्र अनुकूल मातीतच. कापूसकरी माणसाला हे सांगायला इंग्लंडचा वैद्य लागू नये. पण अर्थ गंभीर आहे. रक्तात सापडलेली पेशी म्हणजे उडालेले बी. त्यांतील फार थोड्या पेशी कोठे रुजतात. २०१४ मध्ये निकोला अ‍ॅसेटो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवले की एकट्या पेशीपेक्षा पेशींचे पुंजके नवी गाठ धरण्यात २३ ते ५० पट समर्थ असतात. म्हणजे नुसती संख्या मोजून भागत नाही, जोडगोळ्या कोणत्या तेही पाहावे लागते.

महाराष्ट्रात या विषयावर काम चालू आहे. पुण्याच्या अ‍ॅक्टोरियस या कंपनीने डॉ. जयंत खांदारे यांच्या पुढाकाराने चुंबकी सूक्ष्मकणांवर आधारलेली चाचणी तयार केली. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील तज्ज्ञांबरोबर तिचा डोके आणि मानेच्या कर्करोगांत अभ्यास झाला. ती चिपची नव्हे, चुंबकाची वाट. नाशिकच्या दातार कॅन्सर जेनेटिक्सच्या स्तनकर्करोगाच्या रक्तचाचणीला २०२१ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 'ब्रेकथ्रू' दर्जा दिला. हा दर्जा म्हणजे मान्यता नव्हे, तपासणी लवकर व्हावी यासाठीची सवलत आहे. बातम्या वाचताना हा फरक बहुधा हरवतो.

वर्ध्याच्या संदर्भात आणखी एक गोष्ट स्पष्टपणे म्हटली पाहिजे. राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमात वर्धा जिल्ह्याची २०१० पासूनची नोंद आहे आणि ती सेवाग्रामच्या संस्थेकडून ठेवली जाते. येथील पुरुषांत तोंडाचा कर्करोग ठळक आहे, आणि त्याचे कारण पानठेल्यावर प्लॅस्टिकच्या तुकड्यात घोटून मिळते. आमच्या वर्गात बसणाऱ्या मुलांच्या गालफडातही तो खर्रा असतो. हा कर्करोग रक्तात शोधण्याआधी तोंडात दिसतो. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी नुसते तोंड उघडून पाहिले. तंबाखू वा मद्य घेणाऱ्यांत या कर्करोगाचे मृत्यू सुमारे ३४ टक्क्यांनी कमी झाले, असा निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. लागले काय? विजेरी आणि पाहणारा माणूस. सूक्ष्मवाहिन्यांच्या संशोधनावर आमचा आक्षेप नाही. ज्या जिल्ह्यात गाठ जिभेवर उघडी पडलेली असते तेथे 'एका थेंबात' या भाषेने लोकांचे लक्ष तोंडावरून रक्ताकडे वळवू नये, एवढाच आमचा आग्रह.

शेवटी पुन्हा रात्रीकडे यावे लागते. जून २०२२ मध्ये 'नेचर'मध्ये झ्युरिकच्या अ‍ॅसेटो गटाचा एक निबंध आला. स्वित्झर्लंडमधील रुग्णालयात असलेल्या स्तनकर्करोगाच्या तीस स्त्रियांचे रक्त त्यांनी दोन वेळा घेतले, पहाटे चार वाजता आणि सकाळी दहा वाजता. पेशी वेगळ्या काढल्या त्या क्रमाक्रमाने अरुंद होत जाणाऱ्या सूक्ष्मवाहिनीत, म्हणजे मोठी आणि ताठर पेशी अडकते आणि रक्ताच्या पेशी वाकून निघून जातात अशा रचनेत. सीलच्या चाळणीचाच हा वंशज. सापडलेल्या एकूण पेशींपैकी सुमारे ७८ टक्के पहाटेच्या, झोपेतल्या रक्तात होत्या. उंदरांत याच्या उलट, दिवसा जास्त सापडल्या, कारण उंदीर दिवसा झोपतात. झोपेत सुटलेल्या या पेशी नवी गाठ धरण्यातही अधिक समर्थ निघाल्या.

म्हणजे दीडशे वर्षांनी अ‍ॅशवर्थच्या पाहुण्यालाही मॅन्सनचा प्रश्न विचारला गेला : तू येतोस केव्हा? हत्तीरोगासाठी वर्ध्याच्या गावांत रात्री दारे ठोठावली गेली. कर्करोगाच्या पेशी मोजण्यासाठी लागणारे रक्त अजून बहुतेक ठिकाणी बाह्यरुग्ण विभागाच्या वेळेत, सकाळीच घेतले जाते.